साचेखात्याचे दार आणि दूरदर्शनचा पडदा

२०२५ च्या जूनअखेरीस आमच्या घरातला टेलिव्हिजन चार दिवस एकच चप्पल दाखवीत होता. इटलीतील मिलान शहरी २२ जूनला प्राडा या कंपनीचा पुरुषांच्या पोशाखांचा फॅशन शो झाला. त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत थेट कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल होती आणि कंपनीने तिला नाव दिले होते नुसते ‘लेदर सँडल’. किंमत लाखाच्या वर सांगितली जात होती. मग मराठी, हिंदी, इंग्रजी वाहिन्यांवर संताप उसळला. वारसा, चोरी, अस्मिता, अभिमान असे शब्द पडद्याच्या तळाशी धावू लागले. चर्चेला डिझायनर आले, व्यापारी आले, वकील आले, पक्षांचे प्रवक्ते आले. चौथ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे आणि चर्मकार समाजातला आहे. म्हणाला, “सर, चार दिवस ऐकतोय. ‘आपली चप्पल’, ‘आपली चप्पल’. पण आपली म्हणजे कुणाची? चांभार हा शब्द मला तरी एकदाही ऐकू आला नाही. शिवी द्यायची असली की बरा आठवतो.”

मी त्याला तेव्हा काही उत्तर दिले नाही. पस्तीस वर्षे इतिहास शिकवूनही दिले नाही. पुढे महिनाभर मी जुनी कागदपत्रे आणि त्याहून अधिक स्वतःची स्मृती चाळत बसलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न प्राडाचा नाही आणि एका चपलेचाही नाही. आपल्या देशात टेलिव्हिजन फॅशनचा धंदा ज्या रीतीने दाखवीत आला, त्या रीतीला पूर्वेतिहास आहे. तो मुंबईच्या गिरण्यांत सुरू होतो. माझ्या घराण्याने तो अंगावर घेतलेला आहे, म्हणून तेथूनच सांगतो.

माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत त्रासन खात्यात होते. त्रासन म्हणजे जिथे रिंगवर सूत कातले जाते ते खाते. आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीत कुणालाही विचारा, बाप कुठल्या खात्यात, तर उत्तर त्रासन किंवा फार तर वायडिंग. साचेखाते, म्हणजे जिथे माग चालतात आणि कापड विणले जाते ते खाते, आमच्यासाठी नव्हते. पगार तिथे जास्त होता. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी तिथली कामाची पद्धत होती. तोच धोटा उद्या दुसऱ्या पाळीचा कामगार तोंडाला लावणार. महाराने तोंड लावलेल्या धोट्याला मराठा कसा तोंड लावील? एवढ्या एका कारणावरून हजारो अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराचे खाते बंद होते. मालकाने ते बंद ठेवले, जॉबरने ठेवले आणि लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या भाऊबंदांनीही ठेवले. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न टाकला: सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घालता की नाही? नाखुशीने का होईना, तो घालावा लागला. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे ही साचेखात्याची गोष्ट होती.

वडील गिरणीत लागले तेव्हा नियम म्हणून हे दार उघडलेले होते. तरी ते निवृत्तीच्या वयापर्यंत त्रासनातच राहिले असते, संप झाला नसता तर. आजोबा मात्र या गोष्टीवर एक मजेदार बोलत. ते म्हणत, “सूत आमीच कातायचं. ते सूत आमच्या हातातनं साचेखात्यात जायाचं, त्येचा इटाळ न्हाई. मग ते कापड बामनाच्या अंगावर जायाचं, त्येचाबी न्हाई. इटाळ निस्ता मधल्या त्या भोकाला.” लहानपणी हे ऐकून आम्ही हसत असू. आज मला यात फॅशनच्या धंद्याचे सारे मर्म दिसते. जोवर वस्तू घडते आहे तोवर हात कुणाचा हे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. वस्तू विकायला निघाली की तो हात पुसून टाकला जातो. हे पुसण्याचे काम पूर्वी दुकानाचे काउंटर करीत असे. पुढे ते टेलिव्हिजनने हाती घेतले आणि फार सफाईने केले.

आता कुणी म्हणेल, फॅशन हा श्रीमंतांचा चाळा, त्याचे आपल्या चळवळीला काय? माझे काही कॉम्रेड मित्र असेच म्हणत. त्यांना मी इतिहासाची दोन पाने दाखवीत असे. त्रावणकोरात शाणार स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे छाती झाकून वस्त्र घेण्यासाठी कित्येक वर्षे मार खावा लागला, तेव्हा कुठे १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली, आणि तीही उच्चवर्णीयांसारखे वस्त्र घ्यायचे नाही या अटीवर. १९२८ मध्ये इंदूर भागातल्या सवर्णांनी बलाई जातीवर जी कलमे लादली त्यांत जरीकाठी पागोटे घालू नये, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी चांदीचे दागिने घालू नयेत अशी कलमे होती. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये त्यांची नोंद केली आहे. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर त्यांनी आपल्या आयाबहिणींना काय सांगितले? लुगडे वरच्या जातीच्या बायकांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसा, गळ्यात-हातात कथलाचे-चांदीचे ओझे घालू नका, कारण तीच तुमची ओळखण्याची खूण आहे. बायकांनी तिथल्या तिथे लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलली. जगातल्या कुठल्याही फॅशनच्या इतिहासात या घटनेला पान मिळालेले मी पाहिलेले नाही. पण एका नेसण्याने माणसाचे समाजातले स्थान बदलते हे पॅरिसच्या शिंप्यांना जितके कळले होते तितकेच महाडच्या त्या अडाणी बायकांना कळले होते. म्हणून कापड कोण विणतो, कोण नेसतो आणि ते कोण कुणाला दाखवतो, हा आमच्यापुरता तरी चाळ्याचा विषय नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. आमच्या चाळीच्या गच्चीवरून त्याचा मनोरा दिसे. ज्या पांडुरंग बुधकर मार्गावर हे केंद्र, त्याच रस्त्यावर गिरण्याही. म्हणजे भोंगा आणि मनोरा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली आणि आमच्या चाळींवर दगड, अ‍ॅसिडचे बल्ब पडत होते, तेव्हाही तो मनोरा तसाच निर्विकार उभा होता. चाळीत पहिला टीव्ही आला तो एका क्लार्काच्या खोलीत. आम्ही पोरे दाराबाहेर बसून पाहत असू, कारण खोलीत जागा नव्हती. जातीचा प्रश्न तिथे नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या. फॅशनचा धंदा टेलिव्हिजनवर आला तो या जाहिरातींच्या वाटेने. विमल, गार्डन, बॉम्बे डाइंग ही नावे आम्हांला पाठ झाली. साडी वाऱ्यावर उडत असे, बाई पायऱ्या उतरत असे, पुरुष सूट घालून मोटारीतून उतरत असे. कापड कुठून आले? कुठूनच नाही. ते हवेतून आल्यासारखे हवेतच राहत असे. माझे वडील या जाहिराती पाहताना एकच करीत. पडद्याजवळ जाऊन डोळे बारीक करून म्हणत, “पॉलिस्टर आहे.” सूत कातणाऱ्याला कळत होते की या पडद्यावर जे कापड चमकते आहे ते त्याच्या गिरणीचे मरण आहे.

आणि मग १९८२ उजाडले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झाले आणि नोव्हेंबरात दिल्लीतले आशियाई खेळ रंगांत दिसले. हे दोन प्रसंग मी वर्गात नेहमी एकत्र शिकवीत असे. अभ्यासक्रमात ते एकत्र नाहीत. गिरणगावातल्या घराघरांतून भांडी विकली जात होती आणि त्याच वर्षी साडीच्या जाहिरातीतला गुलाबी रंग खरोखरच गुलाबी दिसू लागला. संपाच्या बातम्या दूरदर्शनवर येत नव्हत्या असे मी म्हणत नाही, येत होत्या. पण त्या बातम्यांत कामगार म्हणजे कामाचे बुडालेले दिवस होता. त्याने विणलेले कापड जाहिरातीत आणि तो स्वतः बातमीत. दोघे एका चौकटीत कधी आले नाहीत. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. वडील १९८३ च्या पावसाळ्यात गावी गेले ते फक्त सामान न्यायला परत आले.

माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा लग्नाची होती. तिने घर चालवले. नाक्यावरचा एक माणूस निर्यातीच्या शर्टांचे गठ्ठे आणून देई. धागे कातरायचे, काज करायचे, बटणे लावायची, डझनावर पैसे. कारखाना नाही, मस्टर नाही, भोंगा नाही. गिरणीतून जे काम गेले ते असे खोल्याखोल्यांतून वाटले गेले आणि ते बहुधा बायकांच्या वाट्याला आले. अक्काने अकरा वर्षे बटणे लावली. आज तिचे वय सत्तरीपलीकडे आहे, डावा डोळा गेला आहे. तिची आठवण इथे सांगायचे कारण निराळे आहे. नव्वदीत केबल आली, आणि दशक संपता संपता फॅशन टीव्ही ही फ्रान्सची वाहिनी आमच्याही चाळीत दिसू लागली. दिवसरात्र नुसत्या बायका चालताहेत. पुरुष मंडळी ती वाहिनी रात्री उशिरा पाहत, आणि सकाळी तिच्यावर टीका करीत. अक्का मात्र उघड पाहायची. तिला त्या बायकांच्या अंगाशी काही कर्तव्य नव्हते. ती म्हणायची, “हे बघ, ही हातची तुरपाई आहे. एवढा घेर हाताने घालायचा म्हणजे चार बायकांचे आठ दिवस. आणि ह्या शिंच्या दोन पावलं चालून आत जातात.”

त्या वाहिनीवर शिवणाऱ्यांकडे असे पाहणारी माझ्या ओळखीत ती एकटीच. सरकारनेही या वाहिनीकडे पाहिले, पण काय म्हणून? २००७ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाने तिच्यावर दोन महिन्यांची बंदी घातली ती अश्लीलतेसाठी. बाईचे अंग किती दिसते यावर राष्ट्राची झोप उडते. त्या अंगावरचा कपडा शिवताना कुणाचा डोळा गेला, हा मंत्रालयाचा विषय होत नाही.

मालिकांकडे वळतो. फॅशनच्या धंद्यावर भारतीय टेलिव्हिजनने रचलेली सर्वांत गाजलेली कथा म्हणजे ‘जस्सी जैसी कोई नहीं’. सोनी वाहिनीवर १ सप्टेंबर २००३ ला ती सुरू झाली आणि २००६ पर्यंत चालली. मूळ कल्पना कोलंबियातल्या १९९९ च्या एका मालिकेची. तीच पुढे अमेरिकेत ‘अग्ली बेट्टी’ या नावाने झाली. गुलमोहर नावाचे फॅशन हाऊस, त्याचा देखणा मालक, आणि त्याच्या कचेरीत नोकरीला लागलेली चष्मा लावणारी, दातांना तार बसवलेली, हुशार, मध्यमवर्गीय मुलगी जस्मीत वालिया. मोना सिंग यांनी ती फार चांगली रंगवली. माझ्या वर्गातल्या मुली त्या मालिकेच्या वेड्या होत्या, आणि त्यांचे वेड मी समजू शकत होतो. रूपावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलीला अक्कलहुशारीने पुढे जाताना पाहणे यात आनंद आहेच. मीही पाहिली. पण मला आठवते ते गुलमोहर म्हणजे कचेरी, मीटिंगची खोली, रॅम्प आणि भानगडी. कापणारे, शिवणारे, इस्त्री करणारे कधी ओझरते दिसले असतील तर असोत, गोष्ट त्यांची नव्हती. कपड्यांचा धंदा करणाऱ्या त्या घरात सुईचा आवाज मला ऐकू आला नाही.

एकदा वर्गात मी विचारले, जस्सीचा अपमान कशाकशावरून होतो? मुलींनी फळ्यावर यादी केली: चष्मा, तार, केस, सलवार. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती मेहतर समाजातली होती. ती म्हणाली, “सर, हे सगळं काढून ठेवता येतं.” वर्ग गप्प झाला. पुढे मालिकेत तसेच झाले. चष्मा गेला, तार गेली, जस्सी रूपवती झाली आणि कथेची गाठ सुटली. प्रस्थापित टेलिव्हिजनला जो अपमान दाखवायला आवडतो तो नेहमी असा असतो, ब्युटी पार्लरमध्ये दुरुस्त होणारा. आडनावावरून होणारा अपमान पार्लरमध्ये दुरुस्त होत नाही, म्हणून त्याची मालिका होत नाही.

बातम्यांचे चित्र याहून वाईट. २००० पासून आपल्याकडे फॅशन वीक सुरू झाले आणि वृत्तवाहिन्यांना त्यांची गोडी लागली. २००६ सालचे उदाहरण पत्रकार पी. साईनाथ यांनी वारंवार मांडले आहे. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक चालू होता, त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांची नोंदणी झाली होती. रॅम्पवर सुती कपडे दाखवले जात होते. त्याच वेळी विमानाने तासाभरावर असलेल्या विदर्भात तो कापूस पिकवणारे शेतकरी विष पीत होते, आणि त्यांच्यासाठी बाहेरून आलेले पत्रकार होते सहा. दीपा भाटिया यांच्या २००९ च्या ‘निरोज गेस्ट्स’ या माहितीपटातही साईनाथ हे सांगताना दिसतात. या आकड्यांवर मी भाष्य करणार नाही. फक्त एक गोष्ट जोडतो. त्या सहा पत्रकारांमुळे शेतकरी निदान दिसला. त्याच्या शेतात किलोवर कापूस वेचणारी मजूर बाई, बोंडाच्या काट्यांनी बोटे फाटलेली, बहुधा दलित नाही तर आदिवासी, ती त्याही चित्रात मागेच राहिली. तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून तिची आत्महत्या ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून धरलीच जात नाही. न दिसण्यालाही आपल्याकडे पायऱ्या आहेत.

गिरणगावाचे काय झाले ते मुंबईकर वाचकांना सांगायला नको. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या, त्यांत वृत्तवाहिन्याही आल्या. म्हणजे जिथे एकेकाळी कापड तयार होत होते तिथे बसून निवेदक आता कपड्यांची बातमी देत होते. मी एकदा एका वाहिनीवर आंबेडकर जयंतीच्या चर्चेला म्हणून अशाच एका आवारात गेलो होतो. मेकअप करणाऱ्या मुलीने माझा खादीचा सदरा पाहून एक जाकीट आणून दिले. पडद्यावर बरे दिसेल म्हणाली. मी ते घातले. लिहिताना लाज वाटते, पण घातले, आणि घरी पोरांनी सांगितले की खरोखर बरे दिसत होते.

आता पुन्हा त्या चपलेकडे येतो, कारण विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे राहिले आहे.

कोल्हापुरी चप्पल ही दोन-तीन जातींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाची वस्तू आहे. ढोर समाजाने कातडे कमवायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसच्या दिवस हात घालून. चर्मकाराने ते रापीने कापायचे, तळ, कान, पट्टा, अंगठा बेतायचा, आणि खिळा न मारता चामड्याच्याच दोऱ्याने शिवायचे. चामड्याची बारीक वेणी घालायची ती बहुतेक घरांत बायकांनी. शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, हे कोल्हापुरात सगळे सांगतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. तो मिळाला कुणाच्या नावे? महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या आणि कर्नाटकाच्या डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाच्या चर्मोद्योग महामंडळाच्या नावे. म्हणजे कायद्याच्या कागदावर जात धडधडीत लिहिलेली आहे, रोहिदासांच्या नावाने लिहिलेली आहे. पण मी ऐकलेल्या बातम्यांत या महामंडळाचे नाव ‘लिडकॉम’ एवढेच होते. इंग्रजी आद्याक्षरांचा असाही उपयोग असतो.

मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका गेली. ती दाखल करणारे वकील होते. जुलैत न्यायालयाने ती फेटाळली. ज्यांच्या नावे हा निर्देशांक आहे ते स्वतः येऊ शकतात, तुम्ही कोण, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्याची बाजू मी बाजूला ठेवतो. पण हाच प्रश्न कुणी टेलिव्हिजनच्या चर्चांना विचारायला हवा होता. आणखी एक गोष्ट त्या चार दिवसांत मी ज्या चर्चा ऐकल्या त्यांत आली नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्या बंदीचा कायदा कडक झाला, बैलाचे कातडे मिळेनासे झाले, कातड्याची गाडी घेऊन जाणाऱ्याला रस्त्यात अडवले जाऊ लागले. या धंद्यातली कितीतरी घरे तेव्हा मोडली. प्राडाने नाव चोरले याचा संताप करणाऱ्यांपैकी कितीजण कातडे हिरावले जाताना बोलले होते? तेव्हा बोलायचे तर ‘चांभार’ आणि ‘ढोर’ हे शब्द उच्चारावे लागले असते, आणि गाय हा शब्दही.

हे सगळे शब्द मुद्दाम तोंडात घेणारा एक माणूस आहे. सुधीर राजभर. त्यांनी धारावीतल्या चामडे कामगारांना बरोबर घेऊन ‘चमार स्टुडिओ’ नावाने पिशव्या आणि आसने करायला घेतली, चामड्याऐवजी टाकाऊ रबराची. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी मालावर छापला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मायामी येथील डिझाइनच्या प्रदर्शनात त्यांच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यांचे कौतुक झाले तेही परदेशातून फिरून आल्यावर, हा भाग सोडून देऊ. शब्द मात्र तिथवर गेला.

ऑगस्टमध्ये त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या वर्गातल्या सहा मुलांना घेऊन मी कोल्हापूरला सुभाषनगरात गेलो. इथे एक कबुली द्यायला हवी. आमची बौद्धांची वस्ती आणि चर्मकारांची वस्ती यांत मी लहानपणी गावी रोटीव्यवहार पाहिलेला नाही. आजी चांभारवाड्यातले पाणी पीत नसे. धोट्याच्या भोकाचा विटाळ आम्ही सोसला आणि दुसरीकडे तो पाळलाही. त्या कारखान्याच्या, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीच्या, उंबऱ्यावर बसताना ही गोष्ट माझ्या मनात होती. मुलांच्या मनात नव्हती, हे बरे वाटले.

खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद करून चालू. कारागीर साठीचे. मी त्यांना मामा म्हणत होतो, ते मला गुरुजी. म्हणाले, “आले हुते की टीव्हीवाले. दोन तास बसले. हाताचं शूटिंग केलं. म्हनले, वारशाबद्दल बोला. मी म्हनलं, कातड्याचा भाव किती झालाय ते सांगू का? ते म्हनले, ते नको, आजोबा-पंजोबांचं सांगा.”

“मग दाखवलं का तुम्हांला?” एका मुलाने विचारले.

“हात दावला. त्वांड न्हाई.”

त्यांची सून कोपऱ्यात वेणी घालत होती. मान न उचलता म्हणाली, “मामंजींचा हात तरी दावला.”

यानंतर डिसेंबरमध्ये प्राडा आणि दोन्ही राज्यांची महामंडळे यांच्यात करार झाला. सुमारे दोन हजार जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि परदेशात विकायचे ठरले. चांगले झाले असे मी म्हणतो. कुणाच्या घरात चार पैसे जास्त येत असतील तर त्यावर घरात बसून नाक मुरडणे मला शोभणार नाही. एका जोडामागे वेणी घालणारीला किती मिळेल, एवढे मात्र मी त्या विद्यार्थ्याला नीट विचारून घ्यायला सांगितले आहे.

त्या दिवशी मुलांनी एक काम केले. एक जोड उचलला आणि त्याला कुणाकुणाचे हात लागले ते मामांना विचारून वहीत उतरवून घेतले. कातडे कमावणारे दोघे, ते बाजारात आणणारा एक, कापणारे मामा, शिवणारा त्यांचा पुतण्या, वेणी घालणारी सून, पॉलिश करणारा शाळकरी नातू. नावे सांगताना मामांनी सुनेचे नाव घेतले नाही, रीत नाही म्हणून. ते तिने स्वतः सांगितले, आणि मुलीने ते वहीत लिहिले की नाही हे उठून येऊन पाहिले.